मर्जी नेमकी कोणाची? सैन्याचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सैन्यदलांचे नियम लिहिणारे, त्यांत दुरुस्त्या करणारे आणि खाली सही करणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

माझी फौजेतली सगळी नोकरी पलटणीच्या ऑफिसात गेली. रायफल हातात यायची ती फायरिंगच्या दिवशी. एरवी पेन, शिक्का आणि रजेच्या अर्जांचा गठ्ठा. गार्ड ड्यूटीचं रोस्टर, कोर्सला पाठवायच्या जवानांची नावं, बदलीची पत्रं, सगळं माझ्या टेबलावरून पुढं सरकायचं. त्यामुळे कोण कोणाच्या मर्जीतला आहे, हे पलटणीत इतरांच्या आधी मला कळायचं. आज लिहायला बसलो आहे ते या मर्जीबद्दलच.

विषय तुमच्या टेबलावरचाच आहे. अधिकारी आणि जवान यांच्यातले प्रेमसंबंध, आणि त्यांवरचे नियम. बऱ्याच देशांच्या सैन्यांत आता दोन्ही फळ्यांत पुरुषही आहेत, स्त्रियाही आहेत, आणि जुने नियम त्यांना पुरे पडत नाहीत. म्हणून नवा मसुदा टाइप होण्याआधी एका जुन्या कारकुनाचं चार ओळींचं म्हणणं ऐकून घ्या. चार ओळींत आटोपणार नाही, हे आधीच सांगतो.

मर्जी या शब्दाला दोन अर्थ आहेत. 'साहेबांची मर्जी' म्हणजे कृपा. 'माझी मर्जी' म्हणजे माझी इच्छा, माझा होकार. वर्दीबाहेर हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. वर्दीत जातात. वरच्याची मर्जी आणि खालच्याची मर्जी एका खोलीत आल्या, की खालची कितपत खरी हे ओळखणं अवघड होतं. कधीकधी जिची आहे तिलाही.

माझ्या वेळी आमच्या पलटणीत स्त्रिया नव्हत्या, तेव्हा प्रेमप्रकरण मी काही पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते व्हॉलीबॉल. एक तरुण कॅप्टनसाहेब आणि एक जवान, दोघेही उत्तम खेळायचे. संध्याकाळी मैदानावर त्यांची जोडी जमायची, हसणं-खिदळणं व्हायचं, खेळ संपल्यावर दोघे तिथंच बसून बोलत राहायचे. त्यात गैर काहीच नव्हतं. पण काही महिन्यांनी मी मागची रोस्टरं चाळत होतो, तेव्हा लक्षात आलं की त्या जवानाचं नाव शनिवारच्या रात्रपाळीच्या गार्डला एकदाही लागलेलं नाही. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. साहेबांना तर पत्ताही नव्हता. रोस्टर मी बनवत होतो आणि ते नाव मीच, न ठरवता, टाळत आलो होतो.

पुढं तो जवान एका कोर्ससाठी निवडला गेला. गुणांवर निवडला गेला, कागद माझ्याकडेच होते. पण बराकीत एकानेही ते मानलं नाही. "साहेबांचा माणूस" हा शिक्का त्याच्या पाठीवर बसला तो माझी बदली होईपर्यंत तरी पुसला गेला नव्हता. दुसऱ्या एकाची रजा मनुष्यबळ कमी होतं म्हणून कापली गेली, तर तोही मानेना. त्याचंही खरंच होतं म्हणा. ज्या ऑफिसात शनिवारचं रोस्टर असं बनतं, तिथल्या रजेच्या कारणावर त्याने का विश्वास ठेवावा?

आता त्या व्हॉलीबॉलच्या जागी प्रेम ठेवून पाहा.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर म्हातारा बंदी उठवा म्हणतोय असा कुणाचा समज व्हायचा. ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा, ड्यूटी, गोपनीय अहवाल आणि शिक्षा आहे, त्याने त्या माणसाशी प्रेमसंबंध ठेवू नयेत, हा नियम हवाच. कंपनीतल्या मॅनेजरनेही हाताखालच्याशी असं वागू नये म्हणून नियम असतात, पण तिथला माणूस निदान राजीनामा टाकून बाहेर पडू शकतो. जवानाला ते दार नाही. न सांगता गेला तर तो भगोडा, परत आणला तर आरोपी. साहेबांना नाही म्हणायचं, आणि तरीही उद्या सकाळी सहाला त्यांच्यासमोरच फॉलिनला उभं राहायचं. आणि लढाईत तर हिशेब याहून कठोर. गस्तीला पुढं कोण, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात पहिलं पाऊल कोणाचं, हे अधिकारी ठरवतो. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याला तो मागं ठेवेल, किंवा कुणी बोट दाखवू नये म्हणून मुद्दाम पुढं पाठवेल. दोन्हींत कुणाचा तरी जीव चुकीच्या कारणाने जातो.

माझी तक्रार आहे ती ही रेघ तुम्ही कुठं ओढता, याबद्दल. 'अधिकारी' आणि 'जवान' या दोन शब्दांमधोमध ओढलेली रेघ शिस्तीतून आलेली नाही, ती जातकुळीतून आली आहे. इंग्लंडच्या पायदळात आणि घोडदळात 1871 पर्यंत कमिशन, म्हणजे अधिकारीपद, पैसे मोजून विकत घेता येत असे. अधिकारी म्हणजे घराणं आणि पैसा, शिपाई म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही नाही तो. शिपायाला लग्न करायचं तर कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे, आणि पलटण परदेशी निघाली की शंभर माणसांच्या कंपनीमागे साधारण सहाच बायकांना बरोबर नेत. कोणत्या सहा, ते बंदरावर चिठ्ठ्या टाकून ठरे. चिठ्ठी न निघालेल्या बाईचं पुढं काय झालं, हे कोणत्याही रजिस्टरात नोंदवायची पद्धत नव्हती. माणसांच्या संसाराकडे असं बघणाऱ्या व्यवस्थेत ही रेघ घट्ट झाली आणि तिथून ती अनेक देशांच्या कायद्यांत उतरली.

अमेरिकेचंच बघा. या गुन्ह्याला तिथं 'फ्रॅटर्नायझेशन' म्हणतात. शब्दाचं मूळ 'भाऊ' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, म्हणजे शब्दशः भाऊबंदकी म्हणायला हरकत नाही, फक्त आपल्याकडे तिचा अर्थ भांडण असा होतो. (दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हाच शब्द जर्मन नागरिकांशी सलगी करण्यासाठी वापरत. सापडलेल्या सैनिकाला 65 डॉलर दंड व्हायचा, आणि दंडाचा धाक इतका की काही महिन्यांत बंदीच मागं घ्यावी लागली.) 1984 च्या त्यांच्या कोर्ट मार्शल मॅन्युअलमध्ये अधिकाऱ्याने जवानाशी सलगी करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवला गेला. शिक्षा बडतर्फी, सगळा पगार जप्त आणि 2 वर्षांपर्यंत कैद. गुन्ह्याची व्याख्या मात्र वाचण्यासारखी आहे. अधिकाऱ्याने जवानाशी 'लष्करी बरोबरीच्या नात्याने' वागणं. गुन्हा बरोबरीचा! एखाद्याने हुद्द्याचा फायदा घेऊन दबाव टाकला, तर तो काही बरोबरीने वागलेला नसतो. त्याच कायद्यातलं 'अधिकारी आणि सभ्य गृहस्थाला न शोभणारं वर्तन' हे कलम तर अगदी अलीकडेपर्यंत तसंच होतं. त्यातला 'सभ्य गृहस्थ' 2021 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने निघाला.

रेघ चुकीच्या जागी असली की काय होतं, ते 1996 मध्ये दिसलं. मेरीलँडमधल्या अबर्डीन प्रशिक्षण तळावर ड्रिल सार्जंटांनी प्रशिक्षणार्थी मुलींवर बलात्कार आणि अत्याचार केल्याचं बाहेर आलं. एका सार्जंटला 25 वर्षांची शिक्षा झाली. आता हुद्दे बघा. सार्जंटही जवानांच्या फळीतला आणि नवी रंगरूटही त्याच फळीतली. दोघांच्या मधून 'अधिकारी-जवान' ही रेघ जातच नव्हती. आणि रंगरुटाच्या दृष्टीनं ड्रिल सार्जंटएवढा मोठा माणूस पृथ्वीवर नसतो, हे ट्रेनिंग सेंटरमधून गेलेल्या कुणालाही विचारा. उठायचं कधी, खायचं किती मिनिटांत, घरी पत्र लिहायला वेळ मिळणार की नाही, सगळं त्याच्या हातात. कर्नलसाहेब तिला महिन्यातून एकदा लांबून दिसतात.

पंधरा-सोळा वर्षांनी टेक्सासमधल्या लॅकलँड हवाई तळावर पुन्हा तेच. 2012 मध्ये तिथल्या एका प्रशिक्षकाला 20 वर्षांची कैद झाली. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, भरती करणारा आणि भरती होणारा, या नात्यांसाठी वेगळं गुन्ह्याचं कलम अमेरिकेत अमलात आलं ते 1 जानेवारी 2019 रोजी. त्या कलमात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की समोरच्याची संमती होती हा बचावच त्यात चालत नाही. मर्जीचे दोन अर्थ कुणाला तरी कळले म्हणायचे.

मधल्या काळात 1997 साल येतं. बी-52 बॉम्बर चालवणारी अमेरिकेची पहिली स्त्री वैमानिक. विवाहबाह्य संबंध, एका जवानाशी संबंध, खोटं बोलणं आणि आदेश मोडणं असे आरोप तिच्यावर ठेवले गेले आणि कोर्ट मार्शल टाळून ती हवाई दलातून बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात एका जनरलचं जुनं विवाहबाह्य प्रकरण उजेडात आलं. त्याने सर्वोच्च लष्करी पदाच्या शर्यतीतून माघार घेतली, पण सेनाप्रमुखांच्या संयुक्त समितीच्या उपाध्यक्षाच्या खुर्चीवर तो राहिला. दोन प्रकरणं सारखी नव्हती. खोटं बोलणं आणि आदेश मोडणं या गोष्टी लहान नाहीत, आणि जनरलच्या बाबतीत जवानाशी संबंधाचा प्रश्न नव्हता. पण बराकीत बसून असे बारकावे कुणी बघत नाही. तिथं एवढंच दिसतं, की कोणाला घरी पाठवलं आणि कोणाला ठेवलं.

त्या गदारोळानंतर 1998 च्या जुलैमध्ये त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी सगळ्या दलांना एकसारखा नियम करायला सांगितलं. तोवर भूदलाचं धोरण सैल होतं. एकाच चेन ऑफ कमांडमध्ये, म्हणजे हुकमाच्या एकाच साखळीत, नसलेले अधिकारी आणि जवान भेटू-फिरू शकत. हवाई दल आणि नौदल कडक. एकसारखं करताना सैल कडकाकडे सरकलं. 2 मार्च 1999 पासून भूदलातही सरसकट बंदी आली. आधीपासून जुळलेल्यांना मार्च 2000 पर्यंत मुदत दिली गेली. संपवा, नाहीतर लग्न करा. मला हे वाचून हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. वर्षभरात लग्न केलं की जी गोष्ट शिस्तीला बाधक ठरत नाही, ती त्याआधी तरी कितीशी बाधक असेल?

त्या नियमावलीत शहाणपणाच्या गोष्टीही आहेत, त्या उचला. उसनवारी आणि भागीदारीचा धंदाही त्यात प्रेमाच्याच रांगेत बसवला आहे, म्हणजे कुणीतरी खरंच मिंधेपणाचा विचार केला होता. दोघेही जवान असताना लग्न झालं आणि मग एकाला कमिशन मिळालं, तर ते लग्न गुन्हा ठरत नाही. आणि एक वाक्य असं, की संबंध आवरण्याच्या किंवा थांबवण्याच्या स्थितीत सहसा वरिष्ठच असतो. हे वाक्य खरं तर नियमाच्या पहिल्या ओळीत हवं होतं. कारण त्याच नियमाखाली खालच्या हुद्द्याच्या माणसालाही शिक्षा होऊ शकते. ज्याच्यावर खटल्याची टांगती तलवार आहे, तो तक्रार करायला कशाला येईल? तोंड उघडलं की आधी स्वतःची कबुली.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी 2000 मध्ये त्यांनी समलिंगी व्यक्तींवरची बंदी उठवली आणि सगळ्यांसाठी एकच सामाजिक वर्तनाची संहिता आणली. तिच्या केंद्रस्थानी एक प्रश्न आहे. या वागण्याने तुकडीच्या कार्यक्षमतेवर वाईट परिणाम झाला का, किंवा होण्याची शक्यता आहे का? स्त्री-पुरुष, लग्न झालेले-न झालेले, हुद्दा, यातलं काही आधी विचारायचं नाही. मला हा प्रश्न आवडतो. पण त्याचं उत्तर कमांडिंग ऑफिसरच देणार असेल, तर माझ्या अनुभवाने सांगतो, आवडत्या मेजरच्या प्रकरणात कार्यक्षमता नेहमी शाबूत आढळते.

कॅनडाच्या सैन्यात असा संबंध असेल तर तो वर कळवायचा आणि मग कामं वेगळी करायची, अशी पद्धत आहे. कागदावर मला सगळ्यांत पटलेली हीच. तरीही त्याच देशाच्या माजी सरसेनाप्रमुखांनी, हाताखालच्या अधिकारी स्त्रीशी असलेल्या संबंधाच्या चौकशीत न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा 2022 मध्ये न्यायालयात कबूल केला. कळवायचं म्हणजे वर, आणि सगळ्यात वर बसलेल्याने कोणाला कळवायचं?

आपल्याकडच्या 1950 च्या सेना कायद्यात प्रेम हा शब्द शोधून सापडणार नाही. कलम 45 मध्ये पदाला न शोभणारं वर्तन आहे, कलम 63 मध्ये सुव्यवस्था आणि लष्करी शिस्तीला बाधक कृत्य आहे, त्याला 7 वर्षांपर्यंत कैद. या दोन पिशव्यांत काय वाटेल ते मावतं. 2018 मध्ये भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम 497 रद्द झालं, तेव्हा सैन्यात आता काय, असा प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये खुलासा केला की त्या निकालाने सेनादलांच्या शिस्तीच्या कारवाईला बाध येत नाही. ठीक. पण 2021 मध्ये लष्करी पोलिसांतली स्त्री जवानांची पहिली तुकडी दाखल झाली, 2023 मध्ये नौदलात स्त्री अग्निवीर आल्या. विशीतल्या या मुलींना, आणि त्यांच्या तेविशीतल्या लेफ्टनंटलाही, काय चालतं आणि काय नाही हे 'न शोभणारं' या एका शब्दावरून ओळखायला सांगणं म्हणजे खड्डा पडल्यावर पाटी लावणं झालं.

म्हणून मागणं असं, की रेघ फळ्यांमधून काढू नका, अधिकारावरून काढा. ज्याच्या सहीने दुसऱ्याची रजा, अहवाल, बदली, कोर्स किंवा शिक्षा ठरते, त्याला त्या माणसाशी संबंध पूर्ण बंद. मग तो जनरल असो की नाईक. प्रशिक्षण केंद्रात तर एकही अपवाद नको. जिथं असा अधिकार नाही, वेगळं दल, वेगळं ठाणं, वेगळं काम, तिथं दोन सज्ञान माणसांना निव्वळ खांद्यावरच्या खुणांवरून गुन्हेगार करू नका.

हे लिहिताना माझाच हात थोडा अडखळतो, ते लपवत नाही. कागदावरची चेन ऑफ कमांड आखूड असते, खरी फार लांब. कॅप्टनचा कोर्समेट प्रत्येक ठाण्यावर असतो. "अरे, ती अमुक युनिटमधली, जरा बघ" एवढा एक फोन पुरतो, आणि तो कोणत्याही रजिस्टरात येत नाही. सरसकट बंदीवाल्यांचं म्हणणं नेमकं हेच आहे आणि ते मूर्ख नाहीत. तरीही मी त्यांच्या बाजूने जाणार नाही. बंदीने फोन थांबत नाहीत, फक्त नातं अंधारात जातं, आणि अंधारातल्या नात्यात खालच्या माणसाची मान जास्त आवळली जाते. "कुणाला सांगितलंस तर तूही अडकशील" ही धमकी तुमच्या नियमानेच वरिष्ठाच्या हातात दिलेली असते.

तेव्हा उजेडात यायला एक दार ठेवा. नातं जुळलं आणि ते नियमाच्या आड येतंय असं दिसलं, तर ठरावीक दिवसांत कळवलं की शिक्षा नाही, फक्त एकाची बदली. आणि बदली कोणाची, हे आत्ताच लिहून टाका. वरिष्ठाची. मी टाइप केलेल्या बदलीच्या पत्रांत 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द आले, की जाणारा बहुतेक वेळा खालच्या हुद्द्याचा असायचा. राहणाऱ्याच्या फाइलमध्ये काही नाही, जाणाऱ्याच्या मागे मात्र पत्राआधी कुजबुज पोचलेली. कळवायचं कुठं, तेही पलटणीबाहेर ठेवा, म्हणजे ज्याच्याबद्दल सांगायचं आहे त्याच्याच दाराबाहेर उभं राहून आत येण्याची परवानगी मागावी लागणार नाही.

खोटी प्रकरणं होतील, बदलीसाठी कुणी प्रेमाचं नाटक करेल, अशी शंका तुमच्यातल्या कुणाला येईल. येऊ दे. रजेसाठी आजी मारणारे जवान मी शेकड्यांनी पाहिले, एकेकाच्या चार-चार आज्या. म्हणून आजारपणाची रजा आम्ही बंद केली नव्हती.

आता एक कारकुनी काम सांगतो. मसुदा पूर्ण झाला की तो विधी शाखेत फिरवाल, मुख्यालयात फिरवाल, सह्या घ्याल. त्याआधी एकदा तो नऊ महिन्यांच्या नोकरीच्या एखाद्या जवानासमोर ठेवा, मुलगा असो वा मुलगी, आणि विचारा, "उद्या तुझ्या कंपनी कमांडरने रात्री मेसेज केला, तर यातलं कोणतं पान उघडशील?" त्याला पान सापडायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोजा. आणि उत्तर देताना तो दाराकडे बघतो का, तेही बघा.

कळावे,

आपला,
पलटणीचा एक निवृत्त हेडक्लार्क

ता. क. त्या व्हॉलीबॉलवाल्या जवानाचं नाव मी पुढच्याच शनिवारी रात्रीच्या गार्डला लावलं. तो तक्रार न करता उभा राहिला. सकाळी मला म्हणाला, "बाबूजी, बरं केलंत. आता निदान जेवायला शेजारी कुणी बसेल."